"दुकानातला माणूस म्हणाला की…": अमेरिकेत बंदूक घेणाऱ्या मराठी माणसांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी शनिवार-रविवारी नेमबाजीच्या एका रेंजवर नवशिक्यांना बंदूक सुरक्षितपणे कशी हाताळायची ते शिकवतो. त्यामुळे मराठी मंडळातल्या ओळखीपाळखीतून सतत प्रश्न येतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिक प्रश्नांची सुरुवात "दुकानातला माणूस म्हणाला की…" अशीच असते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बंदूक घ्यावी की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण काउंटरवरच्या चुकीच्या सल्ल्याचा भुर्दंड विकत घेणाऱ्याला पडतो, सल्ला देणाऱ्याला नाही, आणि व्हिसावर राहणाऱ्याला तर तो आयुष्यभर पुरतो. म्हणून हे लिहायला बसलो. मी वकील नाही. तुमचं प्रकरण जरा जरी वेगळं असेल, तर तुमच्या राज्यातल्या वकिलाला विचारा.

१. दुकानाला सरकारी परवाना असतो ना? मग तिथल्या माणसाचं ऐकलं तर बिघडलं कुठे?

परवाना असतो, पण तो धंद्याचा. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार एटीएफ ही संघीय यंत्रणा तो देते. नोंदी नीट ठेवायच्या, खरेदीचा संघीय फॉर्म (फॉर्म ४४७३) भरून घ्यायचा, पार्श्वभूमी तपासणी करायची, अशा अटी त्यात आहेत. काउंटरमागे उभं राहणाऱ्यानं कायद्याची किंवा स्वसंरक्षणाची परीक्षा द्यावी, अशी अट संघीय कायद्यात नाही. तिथे वीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस भेटू शकतो, आणि गेल्या महिन्यापर्यंत गळ-दोऱ्या विकणारा मुलगाही भेटू शकतो. दोघांच्या अंगात दुकानाचा एकच टी-शर्ट असतो.

यातले बहुतेक जण खोटं बोलत नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आधीच्या गिऱ्हाइकाकडून, मित्राकडून, कुठल्याशा व्हिडिओतून जे कानावर पडलं तेच ते ठामपणे पुढे सांगतात. आपण नवखे असतो, त्यात परक्या देशातले, आणि समोरचा ठामपणे बोलला की त्याला माहीत असणारच असं धरून चालतो. घोळ तिथेच होतो.

२. मग त्यांना काय विचारावं आणि काय विचारू नये?

वस्तूबद्दल बिनधास्त विचारा. ही बंदूक उघडायची कशी, साफ कशी करायची, मॅगझिन कुठे मिळतात, बिघडली तर कंपनीकडे कोण पाठवणार, या होल्स्टरमध्ये ती बसते का? ही माहिती त्यांच्याइतकी क्वचितच कुणाकडे असते. व्हिसा, कायदा, कोणावर कधी गोळी चालवता येते, घरातल्या मुलांचं काय, हे काउंटरवर विचारायचे विषय नाहीत. कायद्यासाठी एटीएफचं आणि तुमच्या राज्य पोलिसांचं संकेतस्थळ, हाताळणीसाठी प्रशिक्षक, आणि तुमच्या स्वतःच्या प्रकरणासाठी वकील.

३. मी एच-१बी वर आहे. दुकानदार म्हणाला, सोशल सिक्युरिटी नंबर आणि लायसन्स असलं की झालं. खरं का?

नाही. मला येणाऱ्या प्रश्नांतला हा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला (एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे यात आले) बंदूक किंवा काडतूस विकत घ्यायला आणि जवळ बाळगायलाही संघीय कायद्यानं मनाई आहे. शिक्षेची कमाल मर्यादा २०२२ च्या कायद्यानं १५ वर्षं तुरुंगवास इतकी केली. बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यावर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, ते वेगळंच.

या मनाईला थोडे अपवाद आहेत. त्यातला आपल्या लोकांच्या कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना तुमच्याजवळ असला पाहिजे. तो फक्त खरेदीच्या दिवशी असून भागत नाही. बंदूक जितके दिवस तुमच्या ताब्यात, तितके दिवस तो चालू हवा. बहुतेक परवाने वर्षाचे असतात. परवाना संपला आणि बंदूक कपाटातच राहिली, तर त्या दिवसापासून तुम्ही गुन्ह्यात आहात. ही दुसरी बाजू काउंटरवर कोणी सांगत नाही. "शिकारीचा परवाना काढून या" एवढंच सांगतात. शिवाय राज्याचे नियम याच्या वर असतात. न्यू जर्सीत आधी ओळखपत्र आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळी परवानगी लागते. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. कॅलिफोर्नियात सुरक्षा प्रमाणपत्र आणि दहा दिवसांची प्रतीक्षा.

४. विकत नाही घ्यायची, नुसतं रेंजवर जाऊन मित्रांबरोबर मारून बघायचं आहे. तिथे तर सगळ्यांना देतात.

देतात, हे खरं. एक कागद पुढे करतात, आपण सही करतो आणि बंदूक हातात येते. पण तो कागद इजा झाली तर रेंजवर दावा करणार नाही असं लिहून देणारा असतो. तुम्ही व्हिसावर आहात का, हे बऱ्याच ठिकाणी कोणी विचारतच नाही. भाड्यानं घेतलेली बंदूक हातात धरणं म्हणजेसुद्धा ती बाळगणं. त्यामुळे वर प्रश्न ३ मधली मनाई आणि तिचा अपवाद दोन्ही इथे जसेच्या तसे लागू होतात. ऑफिसच्या टीम आउटिंगला रेंज ठरली, तर बाहेर उभं राहून फोटो काढण्यात कमीपणा नाही. आमच्याच रेंजवर मी दोन जणांना असं परत पाठवलं आहे. त्यातला एक रुसला, पण ग्रीन कार्ड आल्यावर सगळ्यात आधी माझ्याकडेच शिकायला आला.

५. ग्रीन कार्डचा अर्ज टाकला आहे, ईएडी हातात आहे. आता चालेल ना?

ईएडी म्हणजे काम करायची परवानगी, कायमचं वास्तव्य नव्हे. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसानं प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मंजूर होईपर्यंत स्वतःला प्रश्न ३ मधल्या गटातच धरावं. भारतीयांची रांग किती लांब आहे ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत. इतकी वर्षं काढल्यावर या एका गोष्टीसाठी ती रांग पणाला लावू नका.

६. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, तरी दुकानानं परत पाठवलं. "फक्त नागरिकांना" म्हणाले.

हीदेखील चूकच, फक्त उलट्या दिशेनं झालेली. कायमस्वरूपी रहिवाशाला संघीय कायद्यानं बंदूक घेता येते. आणखी एक जुनी अडचण अजून काही दुकानांत निघते: तीन महिन्यांची वीजबिलं आणा म्हणतात. परदेशी नागरिकांनी त्या राज्यात ९० दिवस राहिल्याचा पुरावा द्यावा, हा नियम एटीएफनं २०१२ मध्येच काढून टाकला. आता पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र आणि तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा क्रमांक) लागतो. घर बदललं असेल तर लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्या. बरेच जण तिथेच अडकतात.

७. नवरा एच-१बी वर, माझ्याकडे ग्रीन कार्ड. "मॅडमच्या नावावर घ्या, वापरू देत साहेबांना" असं सुचवलं. घेऊ का?

असं सुचवणाऱ्या दुकानातून तिथल्या तिथे बाहेर पडा. एकाच्या नावावर घेऊन प्रत्यक्षात दुसऱ्याला देणं याला इथे 'स्ट्रॉ पर्चेस' म्हणतात. २०२२ पासून त्यासाठी वेगळं संघीय कलम आहे, आणि शिक्षा १५ वर्षांपर्यंत.

आता खरोखर तुमच्याच वापरासाठी घ्यायची असेल, तर तुम्ही घेऊ शकता. पण मग ती अशा पेटीत ठेवा जिची किल्ली किंवा कोड फक्त तुमच्याकडे असेल. नवऱ्याला हवी तेव्हा ती काढता येत असेल, तर ती त्याच्याही ताब्यात आहे असं न्यायालय मानू शकतं. बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली बंदूक "माझी आहे, त्याची नाही" असं म्हणून भागत नाही.

८. आणि काकांना भेट म्हणून? काका अमेरिकन नागरिक आहेत.

स्वतःच्या पैशांनी, मनापासून दिलेली भेट चालते. घेणाऱ्याला मनाई नसावी, आणि तो दुसऱ्या राज्यात असेल तर ती तिथल्या परवानाधारक दुकानामार्फत द्यावी. पण काकांनी पैसे दिले की ती भेट राहत नाही.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. २०१४ चा अब्रॅम्स्की खटला. व्हर्जिनियातल्या या माजी पोलिसाला स्वस्तात पिस्तूल मिळणार होतं, म्हणून त्यानं पेन्सिल्व्हेनियातल्या आपल्या काकांसाठी घेतलं. काकांनी आधी ४०० डॉलरचा चेक दिला होता. काका पूर्णपणे पात्र होते. हस्तांतरही त्यांच्या राज्यातल्या दुकानातून, तपासणी करून, रीतसर झालं. तरीही फॉर्मवर "प्रत्यक्ष खरेदीदार मीच" अशी खूण केली म्हणून तो दोषी ठरला, आणि न्यायालयानं ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन ते कायम केलं. "दोघंही पात्र असाल तर काही होत नाही" असं काउंटरवर आजही ऐकायला मिळतं.

९. आमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे. तो घेता का, या फॉर्मवरच्या प्रश्नाला "नाही" लिहा म्हणाले.

संघीय कायद्यात तो बेकायदा आहे, आणि राज्यानं परवानगी दिली असली तरी फरक पडत नाही असा इशारा फॉर्म ४४७३ वरच छापलेला आहे. गांजा घेणाऱ्याला बंदूक मना करणाऱ्या कलमावर न्यायालयांत बरंच भांडण चालू आहे, पण फॉर्मवर खोटं लिहिण्याचा गुन्हा त्याहून वेगळा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सही तुमची असते. "दुकानदारानं सांगितलं" हा बचाव होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी हेही लक्षात ठेवावं की गांजा ओढल्याची कबुली इमिग्रेशनच्या फाइलमध्येही अडचणीची ठरते.

१०. माझी तपासणी "डिलेड" आली. "म्हणजे नाकारलंच समजा" असं सांगितलं.

नाही. एफबीआयच्या यंत्रणेकडून तीन उत्तरं येतात: पुढे जा, थांबा, नाही. 'थांबा' म्हणजे बहुतेकदा तुमच्या नावाशी किंवा जन्मतारखेशी मिळतीजुळती दुसरी नोंद सापडली आणि ती पडताळायची आहे. आपल्याकडे एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं, लायसन्सवर ते गायब, ग्रीन कार्डवर आडनाव आधी. त्यात पाटील-कुलकर्णी-शिंदे म्हटलं की नावं जुळायला कितीसा वेळ! दर वेळी असं होत असेल तर एफबीआयच्या 'व्हॉलंटरी अपील फाइल'मध्ये अर्ज करा. एक खास क्रमांक मिळतो, तो पुढच्या फॉर्मवर लिहायचा.

तीन कामकाजाचे दिवस उलटूनही उत्तर आलं नाही, तर संघीय कायद्यानं दुकानाला विकायची मुभा आहे, सक्ती नाही. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल तर ही मुदत आणखी लांबू शकते. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला याच पळवाटेतून पिस्तूल मिळालं होतं, म्हणून काही दुकानं अंतिम उत्तराशिवाय देतच नाहीत. अशा दुकानावर रागावू नका.

११. बायकोसाठी छोटं, हलकं रिव्हॉल्व्हर सुचवलं. "लेडीजसाठी हेच बरं."

हा सल्ला मी इतक्यांदा ऐकला आहे की आता खरंच चीड येते.

बंदूक जितकी हलकी, तितका तिचा झटका जास्त. पंधरा औंसांच्या आसपासच्या रिव्हॉल्व्हरचा मार अनुभवी माणसाच्याही मनगटाला जाणवतो. त्याचा ट्रिगर ओढायला साधारण बारा पौंड जोर लागतो, म्हणजे ओढता ओढता नळी हलते. नळी आखूड, म्हणून नेम धरायला कठीण. गोळ्या बहुतेकदा पाचच. थोडक्यात, ही अनुभवी माणसानं दडवून बाळगायची वस्तू आहे, आणि ती नवशिक्या बाईच्या हातात दिली जाते, कारण ती "गोड दिसते". पाच गोळ्या झाडून हात दुखला की ती पुन्हा रेंजवर येत नाही. बंदूक घरात राहते आणि सराव शून्य.

बायकोला रेंजवर न्या. (व्हिसा असेल तर आधी प्रश्न ४ वाचा.) मध्यम आकाराचं ९ मिमी पिस्तूल, .२२ चं सरावाचं पिस्तूल आणि ते छोटं रिव्हॉल्व्हर, तिन्ही भाड्यानं घेऊन तिला स्वतः चालवू द्या. काय घ्यायचं ते तिनं ठरवावं. दुकानात विक्रेता तिच्याऐवजी तुमच्याशीच बोलत राहिला, तर ते दुकान तिच्यासाठी नाही.

१२. "शॉटगन घ्या, नेम धरावा लागत नाही, नुसत्या आवाजानंच चोर पळतो, आणि छर्रे भिंतीतून जात नाहीत." यातलं खरं किती?

तिन्ही चूक. खोलीतल्या खोलीत छर्रे फार पसरत नाहीत. चार-पाच यार्डांवर ते साधारण तळहाताएवढ्या जागेत लागतात, त्यामुळे नेम धरावाच लागतो. आवाजानं कोण पळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. उलट तुम्ही कुठे उभे आहात ते समोरच्याला कळतं. आणि अमेरिकेतली घरं म्हणजे लाकडी चौकट आणि जिप्समचे पातळ पत्रे. जाड छर्रे अशा अनेक भिंती भेदून जातात, बारीक छर्रेही जवळून पहिली भिंत भेदतात. पलीकडच्या खोलीत आई-बाबा झोपलेले असतील तर हा हिशेब विकत घेण्यापूर्वीच करायला हवा.

१३. "९ मिमीनं माणूस थांबत नाही, .४५ घ्या."

१९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत दोन एफबीआय एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआय मोठ्या गोळीकडे वळली, आणि २०१० च्या दशकात स्वतःच्या चाचण्या करून पुन्हा ९ मिमीवर आली. गोळ्या सुधारल्या होत्या, आणि कमी झटक्यामुळे नेम चांगला लागत होता. काउंटरवरचा हा वाद तीस वर्षं जुना आहे.

१४. "गोळी लागून चोर दाराबाहेर कोसळला तर त्याला आत ओढून घ्या" आणि "आधी हवेत एक गोळी झाडा" हे दोन्ही मला एकाच माणसानं सांगितलं.

पहिलं म्हणजे पुराव्याशी छेडछाड. रक्ताचे डाग, फरफटीच्या खुणा, काडतुसाचं कवच कुठे पडलं, यावरून खरं काय घडलं ते तपासात निघतं. कदाचित न्याय्य ठरली असती अशी कृती तुम्ही स्वतःच्या हातानं गुन्ह्यात बदलता.

दुसरं म्हणजे हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. बहुतेक राज्यांत गोळी झाडणं हाच प्राणघातक बळाचा वापर धरतात, कुठेही झाडा. हा सल्ला फक्त दुकानात मिळतो असंही नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी, संकट आलं तर बाल्कनीत जाऊन शॉटगनचे दोन बार काढ, असं आपण पत्नीला सांगितल्याचं जाहीरपणे म्हटलं होतं. कायद्याच्या जाणकारांनी तेव्हाच ते खोडून काढलं. कधी मागे हटायचं आणि कधी नाही, हे टेक्सस आणि न्यू जर्सीत फार वेगळं आहे. आपल्या राज्यातल्या वकिलानं घेतलेला एखादा वर्ग करा.

१५. मुलं लहान आहेत. "ट्रिगर जड आहे, मुलाला ओढता येणार नाही" हे पुरेसं आहे का?

अजिबात नाही. लहान मूल दोन्ही अंगठ्यांनी ट्रिगर दाबतं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलांना गटागटानं एका खोलीत सोडलं होतं. तिथल्या ड्रॉवरमध्ये खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. बहुतेक गटांना ते सापडलं, आणि सापडलेल्यांपैकी जवळपास निम्म्या गटांत कोणी ना कोणी ट्रिगर ओढला. यातल्या बहुतेक मुलांना बंदुकीपासून दूर राहायला आधी शिकवलेलं होतं.

दुकानातून पिस्तूल घेताना कुलूप द्यावंच लागतं, असा संघीय नियम आहे. ते खोक्यात ठेवू नका, लावा. त्याहून बरं म्हणजे घट्ट बसवलेली पेटी, बंदूक रिकामी, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघरात ठेवू नका. मुलांना ती जागा माहीत असते.

१६. घरात कोणी खचलेलं आहे. दुकानात याबद्दल बोलता येईल?

हो, आणि बोला. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं गेलेल्या ४८,८३० माणसांपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एकाच दुकानातून तीन जणांनी आठवड्याभरात बंदुका घेतल्या आणि काही तासांतच स्वतःला संपवलं. त्या धक्क्यातून तिथले दुकानदार आणि आरोग्य कार्यकर्ते एकत्र आले आणि 'गन शॉप प्रोजेक्ट' उभा राहिला. खचलेलं गिऱ्हाईक कसं ओळखायचं, विक्री कशी थांबवायची, हे दुकानदारच दुकानदारांना शिकवू लागले, आणि पुढे इतर राज्यांनीही ते उचललं. काउंटरवरच्या माणसांबद्दल मी इतकं लिहिलं, पण यात त्यांनी जीव वाचवले आहेत.

काही दुकानं अशा काळात बंदूक तात्पुरती ठेवूनही घेतात. आधी फोन करून विचारा. नातेवाइकाकडे देण्यापूर्वी राज्याचा हस्तांतराचा नियम पाहा. खचलेल्या माणसांना फोनवर मदत देणारा ९८८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

१७. टेक्ससचा बंदूक जवळ बाळगायचा परवाना घेऊन न्यू जर्सीला मावशीकडे जाता येईल? "परवाना सगळीकडे चालतो" म्हणाले.

चालत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया टेक्ससचा परवाना मानत नाहीत. १९८६ च्या संघीय कायद्यानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाताना वाटेत संरक्षण मिळतं, पण बंदूक रिकामी आणि कुलपात हवी, हाताशी नको, आणि दोन्ही टोकांच्या राज्यांत ती बाळगणं तुम्हाला कायदेशीर हवं.

हे संरक्षण किती तोकडं आहे त्याचं उदाहरण न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावरचं आहे, जिथे आपली निम्मी मंडळी उतरतात. २००५ मध्ये यूटाचा एक माणूस पेन्सिल्व्हेनियाला निघाला होता. बंदूक सामानात, रीतसर जाहीर केलेली. नेवार्कला पुढचं विमान चुकलं, बॅग हातात आली, रात्र हॉटेलात काढावी लागली. सकाळी त्यानं काउंटरवर पुन्हा बंदूक जाहीर केली आणि त्याला अटक झाली. पुढे आरोप मागे घेतले गेले. तरी २०१० मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की रात्रभर बॅग हाताशी होती, त्यामुळे संघीय संरक्षण लागू नव्हतं. अशा वेळी बॅग घेऊच नका, विमान कंपनीलाच ठेवायला सांगा.

१८. दुकानदारानं दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं आज खरं असेल का?

पुन्हा तपासा. बंप स्टॉकचंच (बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा जोड) पाहा: २०१७ च्या लास व्हेगासच्या हत्याकांडानंतर मार्च २०१९ पासून संघीय बंदी, जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि काही राज्यांची स्वतःची बंदी तरीही कायम. एकाच वस्तूबद्दल "कायदेशीर आहे" हे वाक्य सात वर्षांत दोनदा फिरलं.

१९. भारतात परत चाललो आहोत. "विमानतळावर जाहीर केलं की नेता येतं" असं सांगितलं.

अमेरिकेतल्या अमेरिकेत हे ठीक आहे. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू होतो, आणि तो काउंटरवरच्या माणसानं कधी पाहिलेला नसतो. तिथे आधी परवाना लागतो. शिवाय अमेरिकेत घराघरांत असलेलं ९ मिमी पिस्तूल तिथे सामान्य नागरिकांसाठी 'प्रतिबंधित बोअर', म्हणजे मनाई असलेल्या मापाचं, आहे. इथेच रीतसर विकून जा.

बंदूक न्यायचा विचारही नसलेले लोक एका वेगळ्याच गोष्टीत सापडतात. रेंजवर नेलेली पाठपिशवी, तिच्या कप्प्यात राहिलेलं एखादं काडतूस, आणि तीच पिशवी घेऊन मुंबई किंवा दिल्लीहून परतीचं विमान. क्ष-किरणात ते दिसतं आणि गुन्हा दाखल होतो. काडतूस जाणूनबुजून बाळगलेलं नव्हतं, हे भारतीय न्यायालयं लक्षात घेतात आणि असे अनेक खटले रद्दही झाले आहेत, पण तोवर विमान, रजा आणि व्हिसाच्या तारखा निघून गेलेल्या असतात. रेंजची पिशवी वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करनं तसं लिहा, आणि प्रवासाच्या सामानात ती कधीच वापरू नका. जुन्या जॅकेटचे खिसेही उलटे करून बघा.